किरणं लागतात म्हणजे नेमकं काय होतं?



या अंकात मी बँक लिंकेजच्या कागदपत्रांबद्दल लिहिणार होते. ते पुढच्या अंकात नक्की लिहीन. मध्येच हा विषय घेतला, कारण गेल्या दोन महिन्यांत तीन गावांच्या बैठकांत तीन प्रश्न आले. वरवर पाहिलं तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण तिन्हींचं मूळ एकच आहे.

पहिला प्रश्न असा. एका गटातल्या ताई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर उपचार घेऊन घरी आल्या. सव्वा महिना शेक घेतला. घरी आल्यावर त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा झाला. दीड वर्षाची नात त्यांच्याकडे कुणी देईना. बैठकीला आल्या तर शेजारची बाई हळूच सरकून बसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांना एवढंच वाटत होतं, की हिच्या अंगात किरणं भरलीत आणि ती आपल्याला लागतील.

दुसरा प्रश्न कांद्याचा. "लासलगावला कांद्यावर किरणं मारतात म्हणे. मग तसला कांदा पोराबाळांना कसा घालायचा?"

तिसरा प्रश्न एका आईने आणला. हायस्कूलात जाणाऱ्या मुलीच्या पुस्तकातल्या पानाचा तिने मोबाइलवर फोटो काढला होता. अल्फा, बीटा, गॅमा, अर्धायुष्य. "पोरगी विचारते, मी काय सांगू?"

मी शिकले समाजकार्य. पण बारावीपर्यंत सायन्स होतं, आणि जुनी पुस्तकं अजून घरी आहेत. ती काढून बसले. जे समजलं ते इथे लिहिते. मोठ्याने वाचून दाखवलंत आणि मुलींनाही ऐकवलंत तर जास्त बरं.

घाईचं उत्तर आधी. बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरणं उरत नाहीत. मशीन बंद झालं की संपलं. तिच्या ताटात जेवा, तिच्या मांडीवर नात द्या, तिच्या शेजारी झोपा. काही होत नाही. हे आजच्या आज घरोघरी सांगा, बाकीचा लेख सावकाश वाचा.

आता याचं कारण. आपण चुलीपुढे बसतो तेव्हा धग लागते. उठून अंगणात गेलो की धग आपल्याबरोबर येत नाही, मागे चुलीतच राहते. पण पदरात निखारा पडला असेल तर? मग आपण जाऊ तिथे तो निखारा येणार, आपल्याला भाजणार, आणि कुणी मिठी मारली तर तिलाही भाजणार. किरणांच्या बाबतीत हेच दोन प्रकार आहेत. धग लागणं वेगळं आणि निखारा अंगावर किंवा अंगात येणं वेगळं. मशीनचा शेक ही नुसती धग आहे. या लेखातल्या प्रत्येक गोष्टीत आपण हेच विचारायचं, की इथे धग आहे की निखारा?

मग हा निखारा म्हणजे काय? त्यासाठी अणूकडे जावं लागेल.

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. विळीचं लोखंड, कपाळावरचं कुंकू, ताटातली भाकरी, आपण स्वतः. अणूच्या मध्यभागी अणुकेंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. बाहेरून इलेक्ट्रॉन फिरतात. प्रोटॉन किती आहेत त्यावरून पदार्थ ठरतो. सहा असले की कार्बन, सव्वीस असले की लोखंड, ब्याण्णव असले की युरेनियम. प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, आणि अणुकेंद्रकात एक फार मोठं बळ त्यांना धरून ठेवतं. न्यूट्रॉनची त्यात मदत होते.

आता जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. पाच-सहा मडकी नीट रचली तर ती वर्षानुवर्षं हलत नाही. पण फार उंच रचली, किंवा खालचं-वरचं प्रमाण चुकलं, तर ती डुगडुगते आणि कधीतरी एखादं मडकं खाली येतं. काही अणुकेंद्रकं अशीच डुगडुगती असतात. प्रोटॉन-न्यूट्रॉन फार झालेले असतात किंवा त्यांचं प्रमाण बिघडलेलं असतं. ती आपोआप काहीतरी बाहेर फेकतात आणि थोडी स्थिर होतात. या फेकण्याला किरणोत्सार म्हणतात, आणि असे अणू ज्यात आहेत तो पदार्थ किरणोत्सारी. बाहेरून कुणी काडी लावावी लागत नाही. तापवून, थंड करून, कुटून, पाण्यात भिजवून ते थांबतही नाही.

बाहेर काय फेकलं जातं त्यावरून तीन नावं पडली. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा एक गठ्ठाच निघाला तर तो अल्फा कण. आतून एक इलेक्ट्रॉन सुटून आला तर तो बीटा कण. आणि गॅमा हा कण नाहीच, तो उजेडाच्या जातीचा किरण आहे, डोळ्याला न दिसणारा आणि फार जोराचा. अल्फा जड आणि गबदुल, त्यामुळे तो वहीच्या एका कागदाने अडतो. आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरसुद्धा त्याला पुरतो. बीटाला काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो. गॅमाला मात्र शिशाचा जाड थर किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते. म्हणून हॉस्पिटलात शेक देतात त्या खोलीच्या भिंती एवढ्या जाड असतात आणि नर्सबाई तुम्हाला झोपवून बाहेर जातात.

मुलींना परीक्षेत हमखास विचारतात ते असं. अल्फा गेला की अणूचे दोन प्रोटॉन कमी होतात, म्हणजे तो पदार्थच बदलतो. बीटा गेला की आतला एक न्यूट्रॉन प्रोटॉन झालेला असतो, म्हणजे प्रोटॉन एकाने वाढतो आणि पदार्थ पुन्हा बदलतो. गॅमा गेला तर पदार्थ तोच राहतो, फक्त अंगातली जास्तीची ऊर्जा जाते. शेक देण्याच्या जुन्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० असतो. तो एक बीटा कण आणि गॅमा किरण सोडतो आणि त्याचं निकेल होतं. कोबाल्टचे प्रोटॉन २७, निकेलचे २८. हिशोब जुळतो का बघा.

हे सगळं माणसाला कळून फार वर्षं झाली नाहीत. १८९६ साली पॅरिसमध्ये हेन्री बेकरेल यांनी युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवले होते. ऊन नव्हतं म्हणून सगळं खणात ठेवून दिलं. नंतर काच धुऊन पाहिली तर तिच्यावर डाग उमटलेले. उजेड नव्हताच, मग डाग कशाचे? या प्रश्नामागे मेरी क्युरी लागल्या. पोलंडहून शिकायला आलेली बाई, गळक्या शेडमध्ये खनिजाचे ढीग उकळत, ढवळत बसायची. नवरा पिएर बरोबर होता. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम हे दोन नवे पदार्थ शोधल्याचं जाहीर केलं. मेरीबाईंना दोनदा नोबेल मिळालं, १९०३ मध्ये आणि १९११ मध्ये. पहिलं लेक लहान असताना. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत आणि शिशाच्या पेटीत ठेवतात.

रेडियम म्हटलं की आपल्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचा चमकणारा स्टिकर आठवतो. चौकात 'येथे रेडियमचे काम होईल' अशी पाटी असते. त्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणही नाही, ताईंनो. तो गाडीच्या दिव्याचा उजेड परत फेकतो एवढंच. बिनधास्त लावा, उसाच्या हंगामात तर लावाच. पण हे नाव जिथून आलं ती गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण ती कामावर जाणाऱ्या बायकांची आहे.

अंधारात दिसणाऱ्या घड्याळांच्या आकड्यांवर पूर्वी खरोखरच रेडियमचा रंग लावायचे. १९१७ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात हे काम तरुण मुली करायच्या. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याला टोक हवं. टोक काढायला कुंचला ओठात धरून फिरवायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. दर वेळी थोडा रंग पोटात जायचा. काही जणी गंमत म्हणून नखांना, दातांना लावायच्या. रंग निरुपद्रवी आहे, असं त्यांना सांगितलं होतं.

रेडियम अल्फा कण सोडतं. वर लिहिलंय, की अल्फा कागदाने अडतो. मग भीती कसली? बाहेर असेपर्यंत फारशी नाहीच. पण पोटात गेल्यावर रेडियम शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं आणि शरीर ते हाडांत नेऊन ठेवतं. तिथे अडवायला कागद नाही, कातडी नाही. चोवीस तास, वर्षानुवर्षं, आतून मारा. त्या मुलींचे दात पडले, जबड्याची हाडं कुजली, कित्येक जणी तरुणपणीच गेल्या. पदरातला निखारा म्हणतात तो हा. १९२७ मध्ये पाच जणींनी कंपनीवर दावा लावला. कोर्टात शपथ घ्यायला हात वर करता येत नव्हता अशी त्यांची अवस्था होती. १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली, आणि पुढे कामगारांच्या सुरक्षेचे नियम होण्यात या बायकांचा मोठा वाटा आहे. 'काही होत नाही' असं सांगणाऱ्याला कामावरच्या बाईने कागद मागितला पाहिजे. हे माझं मत, विज्ञानाच्या पुस्तकात नाही.

आता अर्धायुष्य. पुस्तकात व्याख्या आहे, ती पाठ होते पण कळत नाही. त्यासाठी मी एका बैठकीत चिंचोके वापरले. फोडलेले चिंचोके, सारीपाटाला घेतो तसले, एक बाजू काळी आणि एक पांढरी. शंभर घेतले. परातीत टाकायचे, पांढरी बाजू वर आली तो चिंचोका 'फुटला', त्याला बाजूला काढायचं. उरलेले पुन्हा टाकायचे. आमचे पहिल्या फेकीनंतर ५३ उरले, मग २५, मग १४, मग ६. दर वेळी साधारण निम्मे. कोणता चिंचोका कधी पांढरा पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण एकूण निम्मे जाणार हे दुसऱ्या फेकीपासून सगळ्या जणी सांगायला लागल्या.

किरणोत्सारी अणूंचंही असंच. एकटा अणू आत्ता फुटेल की हजार वर्षांनी, ते सांगता येत नाही. पण ढीगभर अणू असले की त्यातले निम्मे फुटायला किती वेळ लागणार हे पक्कं असतं. तो वेळ म्हणजे अर्धायुष्य. पुस्तकात अर्धायुकाल असाही शब्द असेल, अर्थ तोच. इथे एक घोटाळा होतो. एका अर्धायुष्यात निम्मे गेले म्हणजे दोन अर्धायुष्यांत सगळे गेले, असं मुली लिहितात. नाही. दुसऱ्या वेळी उरलेल्याचे निम्मे जातात, म्हणजे पाव उरतो. तिसऱ्या वेळी अर्धपाव. आपण घटत्या शिल्लकीवर व्याज मोजतो ना, तसा दर वेळी शिल्लकीवरच हिशोब. दहा अर्धायुष्यं गेली की हजारातला साधारण एक अणू उरतो.

प्रत्येक पदार्थाचा वेळ वेगळा. थायरॉइडच्या उपचाराला वापरतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. कोबाल्ट-६० चं सव्वापाच वर्षांच्या आसपास, म्हणून हॉस्पिटलातला कोबाल्ट काही वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर तेवढाच शेक द्यायला दुप्पट वेळ झोपवून ठेवावं लागेल. रेडियमचं १,६०० वर्षं. युरेनियम-२३८ चं ४५० कोटी वर्षं. पूर्वी लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या असायच्या. तिच्या जाळीत थोरियम असायचं, त्याचं तर १,४०० कोटी वर्षं. ज्याचं अर्धायुष्य लांब ते सावकाश फुटतं, म्हणजे एका वेळी किरणं कमी. ज्याचं छोटं ते भराभर फुटतं आणि लवकर संपतं.

बत्तीचं नाव काढलं की काही जणी घाबरतील, म्हणून सांगते. किरणोत्सार आपल्या अवतीभवती कायमच आहे. मातीत आहे, दगडात आहे, आभाळातून येतो. केळ्यात, बटाट्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो. तुमच्या-माझ्या अंगात आत्ता दर सेकंदाला साधारण चार हजार पोटॅशियमचे अणू फुटताहेत. सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. शरीराला झालेल्या परिणामाचं माप मिलिसिव्हर्टमध्ये असतं. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक एक्स-रे म्हणजे एका मिलिसिव्हर्टचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. पोटाच्या सीटी स्कॅनला मात्र बरेच जास्त लागतात, काही मिलिसिव्हर्ट. म्हणून डॉक्टरांनी सांगितला तर करायचा, आपण होऊन मागायचा नाही. पाळी चुकली असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी तिथल्या माणसाला स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. सोनोग्राफीत ही किरणं अजिबात नसतात, तो आवाजाचा खेळ आहे. एमआरआयमध्येही नसतात.

किरणं शरीरात नेमकं काय बिघडवतात? पेशीच्या आत वाढीची सगळी माहिती एका बारीक धाग्यात असते, त्याला डीएनए म्हणतात. जोराचा किरण लागला की तो धागा तुटतो. एखादा तुटला तर पेशी सांधून घेते. खूप तुटले तर पेशीला दोनाच्या चार होता येत नाही, ती मरते. अर्धवट, चुकीचा सांधला तर पुढे कधीतरी कॅन्सरही होऊ शकतो. ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांना सगळ्यात जास्त फटका बसतो, कारण त्यांना सांधायला उसंत नसते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं बरंच सोपं होतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून किरणांनी मरतात. पोटातलं बाळ भराभर वाढतं, म्हणून त्याला जपायचं. आणि कांद्याचा कोंबही भराभर वाढतो!

आधी शेकाचं पूर्ण करते. डॉक्टर एकदम सगळा शेक देत नाहीत. आठवड्यातले पाच दिवस, रोज थोडा थोडा, असे कित्येक आठवडे. कारण चांगल्या पेशींना रात्रीतून सावरायला वेळ मिळतो, कॅन्सरच्या पेशींना तितकं सावरता येत नाही. म्हणून मध्येच 'आज बरं वाटतंय, दोन दिवस लग्नाला जाऊन येते' असं करायचं नाही. खाडा झाला की कॅन्सरच्या पेशींनाही सावरायला वेळ मिळतो. शेकाच्या जागेची कातडी काळवंडते, थकवा येतो, लघवीला आग होते, जुलाब होतात. हे किरणं अंगात राहिल्यामुळे होत नाही, त्या जागेच्या चांगल्या पेशींना लागलेली झळ असते. तिथे हळद, तेल, बाम, कुणी सांगितलेला लेप लावू नका, डॉक्टरांना विचारा.

काही हॉस्पिटलांत कोबाल्टचं मशीन असतं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं एक आहे, त्याचं नाव भाभाट्रॉन. त्यात कोबाल्ट जाड आवरणात बंद असतो, शेकापुरता समोर येतो आणि परत झाकला जातो. दुसऱ्या प्रकारच्या मशीनमध्ये किरणोत्सारी पदार्थ नसतोच, ते विजेवर किरणं तयार करतं, बटण बंद केलं की दिवा विझावा तसं. दोन्हींत धग फक्त. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरच्या शेकानंतर 'आतला शेक' देतात. त्यात तारेच्या टोकाला बसवलेला बारीकसा किरणोत्सारी तुकडा मशीनने आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि मशीनच तो परत ओढून घेतं. तिथेही घरी येताना अंगात काही राहिलेलं नसतं.

वेगळं राहावं लागतं असे काही प्रकार खरंच आहेत, तेही सांगायला हवेत. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन पाजतात. तेव्हा निखारा खरोखर अंगात असतो, घामातून, लघवीतून बाहेर येतो. हॉस्पिटल काही दिवस वेगळं ठेवतं आणि घरी गेल्यावरही लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून किती दिवस दूर राहायचं ते लिहून देतं. ते तंतोतंत पाळायचं. पण तेही काही दिवसांचंच, कारण अर्धायुष्य आठ दिवसांचं आणि बरंचसं लघवीवाटे आधीच निघून जातं. पेट स्कॅनला टोचतात ते औषध काही तासांतच विझतं. म्हणून घरी येण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "डॉक्टर, मला घरी वेगळं राहायला लागेल का, आणि किती दिवस?" कागदावर लिहून घ्यायचं. कागदावर नसेल तर ताट वेगळं काढायचं नाही. आणि खर्चाची भीती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आता कांदा. लासलगावचं केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये सुरू केलं, नाव 'कृषक'. तिथे कोबाल्ट-६० आहे. कांदा त्याच्या समोरून जातो, त्याच्यावर गॅमा किरण पडतात आणि तो बाहेर येतो. कोबाल्टला कांद्याचा स्पर्शही होत नाही. कांद्याच्या आतल्या कोंबाच्या पेशी वाढायच्या थांबतात, म्हणून कोंब फुटत नाही. मग कांदा स्वतः किरणोत्सारी होतो का? नाही. अणू किरणोत्सारी व्हायला त्याची उतरंडच हलवावी लागते, आणि कोबाल्टच्या गॅमा किरणांत तेवढा जोर नाही. मडक्यांवर बॅटरी मारली म्हणून मडकी हलत नाहीत. इथे पण धगच आहे, निखारा नाही. भाजीत घाला.

मात्र या कांद्याकडून भलती अपेक्षाही नको. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. ओला, जखमी, न सुकवलेला कांदा दिला तर तो चाळीत सडणारच. काढणीनंतर नीट सुकवून, आत कोंब वाढायच्या आत, थोड्याच आठवड्यांत द्यावा लागतो. गटाने कांदा साठवायचा विचार करणाऱ्यांनी वाहतुकीचा आणि साठवणीचा खर्च मांडूनच निर्णय घ्यावा. आंब्याला याच केंद्रातून वेगळ्या कारणासाठी किरणं देतात, त्यातल्या किडीची वाढ थांबावी म्हणून. २००७ पासून आपला हापूस अमेरिकेला जायला लागला तो याच वाटेने.

आणि भुईमूग! टीएजी-२४ कितीतरी जणींनी पेरला असेल. त्यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे अकोला. उडदाचं टीएयू-१ तसंच. बियाण्यावर किरणं टाकून झाडांत बदल घडवायचे, त्यातली चांगली झाडं निवडायची, संकर करायचा, असं वर्षानुवर्षं काम करून ही वाणं निघाली. किरणं मूळ बियाण्यावर कधीकाळी टाकलेली, तुमच्या शेंगेत त्यांचा काही अंश नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो भंगार गोळा करणाऱ्या, विकणाऱ्या आपल्या ताईंसाठी आहे. १९८७ मध्ये ब्राझील देशातल्या गोयानिया शहरात एक दवाखाना दुसरीकडे गेला आणि शेकाचं जुनं मशीन रिकाम्या इमारतीत तसंच राहिलं. दोघांनी त्याचा जड भाग भंगार म्हणून काढून नेला आणि भंगारवाल्याला विकला. आत सिझियम-१३७ ची भुकटी होती. अंधारात ती निळी चमकायची. भंगारवाल्याने कौतुकाने ती घरी नेली, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना चिमूट चिमूट वाटली. एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हाताने जेवली.

घरात एकामागून एक आजारी पडायला लागले, उलट्या, जुलाब. भंगारवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं, की हे सगळं ती वस्तू आल्यापासून सुरू झालंय. कुणी तिला शिकवलेलं नव्हतं. तिने ती वस्तू पिशवीत भरायला लावली आणि बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेऊन ठेवली. त्यामुळेच शहराला कळलं. एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सिझियम सापडलं. चार जण गेले, त्यात ती छोटी मुलगी होती आणि ती बाईसुद्धा.

आपल्या देशात २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असंच झालं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं, वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात निघालं, त्यात कोबाल्ट-६० होता. ते फोडलं गेलं. एक कामगार दगावला, आणखी काही जण हॉस्पिटलात गेले.

म्हणून खूण लक्षात ठेवा. पिवळ्या रंगावर तीन पात्यांच्या पंख्यासारखं काळं चिन्ह, मध्ये एक ठिपका. एक्स-रेच्या खोलीच्या दारावर ते तुम्ही पाहिलं असेल. असं चिन्ह असलेली, किंवा आकाराने लहान पण शिशासारखी फार जड असलेली बंद डबी भंगारात आली तर ती फोडू नका, कापू नका, घरात आणू नका. कुणी हात लावला असेल तर साबणाने हात धुवा, अंगावरचे कपडे काढून पिशवीत बांधून लांब ठेवा. मुलांना लांब न्या, स्वतः लांब व्हा. अंतर वाढलं की धग भराभर कमी होते, दुप्पट अंतरावर पाव. मग ११२ ला फोन करून चिन्हाचं वर्णन सांगा आणि पोलीसपाटलांना कळवा. पंचवीस रुपयांच्या भंगारासाठी ती डबी दुसऱ्याला विकूही नका. चिन्हाचं चित्र प्रत्येक ग्रामसंघाच्या कार्यालयात लावायला देत आहे, सीआरपी ताईंकडून घेऊन जा.